जहांगीराची रोजनिशी आणि उस्ताद मन्सूरचा कुंचला

आमच्या कपाटात एक जुनी वही आहे. तरुणपणी आम्हांला पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याचा छंद जडला होता, त्या काळातली. तिच्या एका पानावर चिखलात उभ्या असलेल्या लांब चोचीच्या पक्ष्याचे पेन्सिलचित्र आहे. चित्र अगदीच वाईट नाही. परंतु त्याखाली ना तारीख, ना स्थळ, ना पायांच्या रंगाची नोंद. तो पक्षी कोणता, हे आज आम्हांला सांगता येत नाही. आपण काय गमावले, हे ध्यानी आले ते पुष्कळ वर्षांनी, जहांगीर बादशहाच्या आठवणींचा ग्रंथ वाचताना. पाहिलेला प्राणी शब्दांत टिपावा आणि लगोलग चित्रातही टिपावा, ही शिस्त त्या दरबाराने पाळली. तिच्या इतिहासाचा एक धागा गोव्यातून जातो, म्हणून हा विषय आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

प्राणी न्याहाळून लिहिण्याची आवड या घराण्यात पणजोबांपासूनची. बाबराने आपल्या तुर्की आत्मचरित्रात हिंदुस्थानातील हत्ती, गेंडा, मोर, पोपट यांची बारकाईने वर्णने केली. पण ती शब्दांतच राहिली. १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानान याने त्या ग्रंथाचे फारसी भाषांतर पुरे केले आणि मग अकबराच्या चित्रशाळेतील चितारी त्यात चित्रे भरू लागले. त्यांत मन्सूर नावाचा एक तरुण होता. बाबराला जाऊन तेव्हा साठेक वर्षे होत आली होती. ज्याने पाहिले त्याने चितारले नाही आणि ज्यांनी चितारले त्यांनी बाबराचे ते विशिष्ट प्राणी पाहिले नव्हते.

त्याच सुमारास त्या चित्रशाळेत एक नवे वारे शिरले होते. १५८० साली गोव्याहून येशूसंघीय धर्मगुरूंचे पहिले मंडळ फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यात फादर रुडॉल्फ अक्वाविवा होते. पुढे १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे ज्यांनी रक्तसाक्ष दिली, तेच हे फादर. त्यांनी अकबराला अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यातील आणि नंतर आलेल्या इतर युरोपीय मुद्राचित्रांच्या नकला दरबारी चितारी आवडीने करू लागले. छायाप्रकाशाने वस्तूला गोलाई कशी आणावी, हे त्यांनी या चित्रांतूनही उचलले. मिशनऱ्यांचा हेतू अर्थातच वेगळा होता, आणि तो साधला नाही, हे इतिहासात नमूद आहे. चिताऱ्यांनी मात्र आपल्याला हवे ते घेतले.

आता १६१२ सालाकडे वळू. खंबायत बंदराचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाला जहांगीराने गोव्यास जाऊन दुर्मिळ वस्तू खरेदी करण्याची आज्ञा केली. खान परतला तो काही अपूर्व प्राणी घेऊन. त्यांत अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेला टर्की हा पक्षी होता. (पोर्तुगीज भाषेत याला 'पेरू' म्हणतात, आपला पेरू तो निराळा!) नाताळच्या मेजवानीतील म्हणून आज आपल्याला माहीत असलेल्या या पक्ष्याचे जहांगीराने केलेले वर्णन मुळातून वाचावे असे आहे. आकार मोराहून लहान, लांडोरीहून मोठा. चोच आणि पाय कोंबड्याचे. डोके व मान घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, तर कधी निळसर. चोचीवर लोंबणारा मांसल तुरा कधी सोंडेसारखा लांब, तर कधी आखडून दोन बोटे उंचीचा. रंग कोणता एवढेच न लिहिता तो केव्हा आणि कसा बदलतो हे बादशहा लिहितो. आणि तेथेच तो म्हणतो की, बाबराने प्राण्यांची वर्णने केली पण चित्रे काढविली नाहीत. आपण मात्र ती काढवीत आहोत. मन्सूरने काढलेले ते टर्कीचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शब्द आणि चित्र शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे चित्रात जे मावत नाही ते शब्द सांगतात आणि शब्द जेथे अडखळतात तेथे कुंचला पुढे जातो, हे दिसून येते.

मन्सूर ही कला शिकला तरी कशी? अकबराच्या काळी एकाच चित्रावर एकाने रेखाटन करावे, दुसऱ्याने रंग भरावेत, अशी रीत होती. तीत नवशिक्याला जाणत्या हातांशेजारी बसायला मिळे. आधी खाका, म्हणजे बाह्यरेषा; जुन्या चित्रावरून रेषा उतरवून घेण्यासाठी पारदर्शक कातड्यावरचा चरबा; मग पातळ रंगांचे थरावर थर, खारीच्या केसांचा बारीक कुंचला, आणि शेवटी अकीक दगडाने कागद घोटणे. चरब्यावर हात बसतो खरा, परंतु नजर बसत नाही. जहांगीराच्या पदरी आल्यावर मन्सूरला जिवंत प्राण्यासमोर बसायला मिळाले. विंडसरच्या संग्रहातील त्याचा शॅमेलिऑन, तो रंग बदलणारा सरडा, फांदीला घट्ट धरून कीटकावर डोळा ठेवून आहे. ती पकड पाहिली की चिताऱ्याने किती वेळ वाट पाहिली असेल, याची कल्पना येते. बादशहाने त्याला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला आणि १६२० च्या काश्मीर दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक फुले चितारल्याचे नोंदवून ठेवले.

स्वतः बादशहाही धीराचा निरीक्षक होता. लैला आणि मजनू नावाची सारसांची एक जोडी पिलावस्थेपासून त्याने पाळली होती. १६१८ साली गुजरातेत असताना या जोडीने अंडी घातली. पहिल्या अंड्यानंतर दुसरे किती वेळाने आले, रात्री मादी बसली असता नर कसा पहारा करतो, पहाटे तिच्या पाठीवर चोच फिरवून तिला कसा उठवतो, आणि चौतीस दिवसांनी पिले कशी बाहेर आली, हे सारे त्याने लिहिले. डॉ. सालिम अली यांनी १९२० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली, ती उगाच नव्हे.

तथापि या माणसाला आम्ही निसर्गप्रेमी म्हणणार नाही. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या हातून सतरा हजारांहून अधिक प्राणी मेले, हा हिशेबही त्याच रोजनिशीत त्याच काटेकोरपणे मांडला आहे. आणि १६१८ मध्येच अफू व मद्याने खंगून मरणासन्न झालेला इनायतखान हा सरदार समोर आणला गेला, तेव्हा बादशहाने त्याला पैसे दिले खरे, पण चिताऱ्यांना त्याचे चित्र काढण्याचीही आज्ञा केली. हाडांवर कातडे उरलेला तो माणूस, त्याचे रेखाटन बोस्टनला आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डला आहे. ज्या डोळ्यांनी सारसांचे घरटे पाहिले त्याच डोळ्यांनी हे पाहिले. चित्र अप्रतिम आहे. आम्हांला त्यापुढे फार वेळ थांबवत नाही.

१६२१ मध्ये हबसाणातून झेब्रा आला. अंगावरचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका लोकांना आली. तपासाअंती ते जन्मजात ठरले. मन्सूरच्या चित्रावर बादशहाने स्वहस्ते लिहून ठेवले की प्राणी कोणी, कोठून आणला, चित्र कोणाचे आणि साल कोणते. आज चारशे वर्षांनी त्या चित्राबद्दल कोणाला विचारावे लागत नाही.

आता दुसरे एक पान पाहा. ते रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे असून १९५० च्या दशकात अभ्यासकांसमोर आले. मध्यभागी तपकिरी, बोजड डोडो आणि भोवती इतर पक्षी. मॉरिशसचा हा पक्षी १६६२ नंतर कोणी पाहिल्याची भरवशाची नोंद नाही. जिवंत डोडो समोर ठेवून काढलेली रंगीत चित्रे जगात अत्यल्प, आणि हे त्यांतले एक मानले जाते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेस दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे, तेव्हा पक्षी हिंदुस्थानात आला होता यात नवल नाही. शैलीवरून चित्र मन्सूरचे समजतात. पण त्यावर सही नाही, साल नाही, आणि जहांगीराच्या रोजनिशीत डोडोचे नावही नाही. पक्षी कोणत्या बंदरात उतरला, काय खात असे, कसा ओरडे, मान खाली घालून चाले की वर करून, हे त्या चिताऱ्याने समोर बसून पाहिले असणार. लिहून घ्यायला त्या दिवशी शेजारी कोणी नव्हते.