टिकी संस्कृती: उद्दीपन आणि आलंबन

रसशास्त्राने विभावाचे दोन भेद मानले. भाव ज्याच्या ठायी जडतो ते आलंबन. त्या भावाला चेतवणारी चांदणी रात्र, उपवन, मंद वारा ही उद्दीपने. पॉलिनेशियाचा आभास निर्माण करणाऱ्या बारांतून वाढलेल्या अमेरिकेतल्या टिकी संस्कृतीला ही कसोटी लावली की तिची घडण स्पष्ट होते. तिच्यात उद्दीपनाची सिद्धता थक्क करणारी आहे. आलंबन, म्हणजे पॉलिनेशियाची बेटे आणि तिथली माणसे, मात्र जवळपास गैरहजर आहे. शाळकरी वयात पॅसिफिक ओलांडणाऱ्या थोर हायरडालच्या कोन-टिकी तराफ्याची हकीकत वाचली, तेव्हापासून या विषयाचा मला लागलेला लळा आजतागायत सुटलेला नाही. म्हणूनच त्यातले प्रेम करण्याजोगे काय आणि टाकण्याजोगे काय, हे नीट वेगळे करावेसे वाटते.

कालक्रम थोडक्यात असा. 1933 च्या डिसेंबरात अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट याने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार सुरू केला. पुढे त्याने स्वतःचे नावही बदलून डॉन बीच असे घेतले. व्हिक्टर बर्जरॉनने 1934 मध्ये ओकलंडला काढलेले साधे खानावळवजा दुकान काही वर्षांत ‘ट्रेडर व्हिक्स’ झाले. दुसऱ्या महायुद्धातून पॅसिफिक पाहून परतलेले सैनिक, 1947 ची कोन-टिकी मोहीम, 1959 मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा या साऱ्यांनी ही लाट वाढवली.

उद्दीपनाचा पहिला घटक म्हणजे दालन. खिडक्या नाहीत, त्यामुळे बाहेर दुपार आहे की रात्र हे कळत नाही. वेत, बांबू, मासेमारीची जाळी, काचेचे तरंगते गोळे, मंद दिवे. डॉनने छपरावर पाणी सोडून पावसाचा आवाज निर्माण केला, कारण पाऊस पडत असला की गिऱ्हाईक उठत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात 1945 साली पोहण्याच्या तलावाचेच ‘टोंगा रूम’ झाले. तिथे मध्यभागी पाणी, त्यावर तरंगत्या नावेत वादक, आणि ठरावीक वेळाने मेघगर्जनेसह पाऊस. होनोलुलूत मार्टिन डेनीच्या वाद्यवृंदाने बेडकांच्या डराव डराव आवाजाला पक्ष्यांच्या नकलांची साथ दिली आणि त्यातून ‘एक्झॉटिका’ नावाचा संगीतप्रकारच रूढ झाला.

दुसरा घटक पेय, आणि खरी प्रतिभा इथे आहे. ही पेये पॉलिनेशियाची नव्हेत. त्यांचे कूळ कॅरिबियन आहे. रम, लिंबाचा रस, साखर आणि पाणी हा जमैकाकडच्या पंचचा जुना सांगाडा. डॉनने त्यातला प्रत्येक घटक एकाचा अनेक केला. जमैकाची रम दीर्घ आंबवणीमुळे उग्र फळांचा वास देते, गयानाची डेमेरारा जड आणि धुरकट, प्वेर्तो रिकोची हलकी आणि कोरडी. 1934 च्या ‘झॉम्बी’त या तिन्ही एकत्र येतात. आंबटपणासाठी लिंबाबरोबर ग्रेपफ्रूट, गोडीसाठी दालचिनीचा पाक आणि बार्बाडोसचे लवंग-आल्याचे फॅलर्नम, शिवाय बडीशेपेच्या चवीच्या मद्याचे काही थेंब. गोड्या मसाल्यातले दगडफूल वेगळे काढून दाखवता येत नाही, पण नसले तर लगेच जाणवते. त्या थेंबांचे काम तेच. डॉन बाटल्यांवर घटकांची नावे न लिहिता सांकेतिक खुणा आणि क्रमांक टाकत असे, म्हणून मूळ कृती अनेक दशके हरवल्यागत होत्या. जेफ बेरी या संशोधकाने डॉनच्या एका जुन्या वाढप्याच्या वहीवरून हा गुंता सोडवला आणि 2007 मध्ये झॉम्बीची कृती प्रसिद्ध केली. पाठचिकित्सेचे इतके सुंदर उदाहरण ग्रंथांच्या जगातही मला क्वचितच दिसले आहे. बर्जरॉनची 1944 ची ‘माय ताय’ याच्या उलट संयमाची आहे: सतरा वर्षे मुरलेली जमैकन रम, लिंबू, संत्र्याचे कुरसाव हे मद्य, बदामाचे सरबत, थोडा साखरेचा पाक. अननसाचा रस नंतर हवाईत आला, आणि मूळ पेयाचा तोल त्याने बिघडवला असे मला वाटते.

ही पेये बनवणारे हात बहुतांशी फिलिपिनो होते. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत, म्हणून तिथले तरुण कामाला येऊ शकत. 1934 च्या कायद्याने हा ओघ वर्षाला 50 माणसांवर आणला. नाव मालकाचे, कसब यांचे. मारियानो लिकुडिन डॉनकडून निघून 1956 मध्ये फ्लोरिडाच्या ‘माय-काय’त गेला आणि तिथली पेये त्याने घडवली. रे बुहेनने 1961 मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचे चिमुकले ‘टिकी-टी’ उघडले. ते त्याचे कुटुंबीय आजही चालवतात. माझ्या प्रेमाचे खरे आलंबन हीच माणसे आहेत.

आता गैरहजर आलंबनाकडे. मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे दैवत झालेल्या पूर्वजाची मूर्ती. तिथल्या हिवा ओआवर दोन मीटरहून उंच पाषाणमूर्ती अजून उभी आहे. माओरी घराण्यांत हरित पाषाणाचा हेइ-टिकी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात वागवला जातो. डॉनने दुकान उघडले त्याच्या आधीच्या दशकात, परदेशी साथींनी उद्ध्वस्त झालेल्या मार्केसासची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास उरली होती. हवाईचे राज्य 1893 मध्ये उलथले गेले होते. पुढे 1946 मध्ये पॉलिनेशियाबाहेरच्या, पण त्याच महासागरातल्या बिकिनी बेटावर अणुबॉम्ब फुटले. या कशाचाही मागमूस त्या काळोख्या दालनांत नव्हता, आणि पॉलिनेशियाच्या लोकांच्या पूर्वजांचे मुखवटे तिथे पेले म्हणून विकले गेले.

हे पेले या कलेला अपरिहार्य आहेत, असे चाहते म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. देवमुखाचे चिनीमातीचे पेले रूढ झाले ते 1950 च्या दशकात. झॉम्बी त्याच्या कितीतरी आधीपासून उंच, साध्या काचेच्या पेल्यात दिली जात होती. माय तायही बुटक्या काचेच्या पेल्यातच जन्मली. डॉनच्या सुरुवातीच्या दालनात वेत, जाळी आणि पाऊस यांचेच राज्य होते. कोरीव मूर्तींची गर्दी नंतरची. म्हणजे ही कला त्या मुखांवाचून पूर्ण झाली होती, आणि आज नवा बार उघडणाऱ्याने ती तिच्या मूळ काचेच्या पेल्यांत मांडावी.