अजीवातून जीव : एका व्याख्येचे भांडण

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. व्याख्या पाठ केल्या की गुण मिळतात, एवढाच अभ्यासाचा अर्थ मला ठाऊक होता. पुढे प्राध्यापक झालो आणि त्याच व्याख्या फळ्यावर लिहू लागलो. ‘जीव जीवापासूनच उत्पन्न होतो, हे पाश्चरने सिद्ध केले,’ असे मी लिहिले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग पहिला जीव कशापासून झाला?” ‘अभ्यासक्रमात नाही’ म्हणून मी तिला खाली बसविले. वास्तविक पुढच्याच धड्यात पहिला जीव निर्जीव द्रव्यातून झाला असे छापलेले होते.

हा विरोध समजून घ्यायला इतिहासात जावे लागते. फ्रान्समधील फेलिक्स पूशे याने १८५९ साली ग्रंथ लिहून मांडले की, सेंद्रिय काढ्यात सूक्ष्मजीव आपोआप उपजतात. दगडमातीतून जीव होतो असे तो म्हणत नव्हता. एकदा जगून गेलेल्या द्रव्यातच ती शक्ती असते, असे त्याचे मत होते. लुई पाश्चरने उकळलेल्या यीस्टच्या पाण्यावर प्रयोग करून दाखविले की, जंतू हवेतील धुळीबरोबर येतात. १८६२ साली विज्ञान अकादमीचे पारितोषिक पाश्चरला मिळाले. पूशेच्या गवताच्या काढ्यात मात्र उकळूनही जीव दिसत राहिले. त्याचे निरीक्षण खरे होते, अनुमान चुकीचे होते. गवतातील जंतूंचे बीजाणू उकळीतही तगतात, हे फर्डिनांड कोहनने १८७६ मध्ये दाखविले.

१८७० साली लिव्हरपूलच्या भाषणात टी. एच. हक्सलेने दोन नावे दिली : जीवापासून जीव तो ‘बायोजेनेसिस’, निर्जीवापासून जीव तो ‘अबायोजेनेसिस’. बास्टियन ‘बायोजेनेसिस’ हाच शब्द नेमक्या उलट अर्थाने वापरू पाहत होता. त्याला ‘आर्केबायोसिस’ हा वेगळा शब्द घ्यावा लागला. हक्सले स्वतः पाश्चरच्या बाजूचा. तरी अतिप्राचीन काळी निर्जीवातून जीव झाला असावा, असे त्याने त्याच भाषणात म्हटले. म्हणजे पाश्चरने खोडले ते आजच्या बाटलीतले आपोआप उपजणे. आरंभीच्या पृथ्वीचा प्रश्न उरलाच होता. तो ओपारिनने १९२४ मध्ये व हाल्डेनने १९२९ मध्ये रसायनशास्त्राच्या भाषेत मांडला. १९५३ साली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळविली. अमिनो आम्ले म्हणजे जीव नव्हे.

मग रसायन संपून जीव कोठे सुरू होतो? उत्क्रांत होऊ शकणारी, स्वतःला टिकवणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीव, अशी व्याख्या ‘नासा’ने १९९४ पासून वापरली. त्यावरही आक्षेप आहे : एकटे खेचर प्रजा निर्माण करीत नाही, म्हणून ते निर्जीव काय? जो जेथे रेषा ओढतो तेथे त्याच्या लेखी जीवाचा आरंभ होतो.

ग्रंथात आहे म्हणून खरे, हे मानायचे नाही असे मी सभांतून बोलत होतो. वर्गात मात्र मी तेच करीत होतो. आता व्याख्या लिहिताना ती कोणी, कोणत्या साली, कोणाविरुद्ध केली तेही फळ्यावर लिहितो. त्या मुलीला उत्तर द्यायचे राहून गेले, ते येथे देत आहे.