आज खयचा नाटक?

दशावताराच्या पेटाऱ्यात मुकुट असतात, लाकडी तलवारी असतात, लुगडी, गंगावने, संकासुराचा काळा बुरखा असतो. नाटकाची वही मात्र नसते. आमच्या सिंधुदुर्गात पिढ्यान्पिढ्या हा खेळ वहीवाचून चालला आहे. रामदासस्वामी सतराव्या शतकातले. त्यांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. खेळात सुंदर बायका येतात, डोळे मोडतात, पण असतात सगळे आडदांड पुरुष, अशी त्यांची थट्टा. आजही स्त्रीपार्ट पुरुषच करतात.

मी मालवणकडचा, मराठीचा निवृत्त मास्तर. सुट्टीत मुलांना लिहितं करायचा वर्ग घेतो. मुलं म्हणतात, "सर, रोज एक विषय द्या, म्हणजे सवय लागेल." काहींच्या मोबाईलवर तो सकाळी आपोआपच येतो: 'पाऊस', 'आठवण', 'खिडकी'. चार दिवस वही भरते, पाचव्या दिवशी कोरी. मी त्यांना दशावतारी कसे तयार होतात ते सांगतो, कारण रोज विषय मिळून रोज रचणारी माणसं मी प्रत्यक्ष पाहिली ती तीच.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा होते, मग गावोगावच्या देवळांत एकामागून एक दहीकाले लागतात ते थेट उन्हाळ्यापर्यंत. पारसेकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर अशा जुन्या कंपन्यांची गावं परंपरेनं ठरलेली असतात. पूर्वी माणसं पेटारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरत, आता टेम्पो असतो. गावात पोचल्यावर पहिला प्रश्न: "आज खयचा नाटक?" कधी मालक आख्यान ठरवतो, कधी मानकऱ्यांची फर्माईश येते, "आमका कीचकवध होयो." मग मालक नटांना जवळ बोलावून सांगतो: तू भीम, तू कीचक, तू सैरंध्री. प्रवेश कसे लागतील, पद कुठे, वध कुठे. चहा संपायच्या आत हे उरकतं. त्यानंतर जो तो आरसा पुढ्यात घेऊन स्वतःच रंग लावायला बसतो. त्या तासाभरात तोंडाला सफेदा चढतो आणि डोक्यात भाषण जुळत जातं.

पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार, म्हणजे खेळाचा पूर्वरंग, उभा राहतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा संकासुर. तो एकटा मालवणीत बोलतो आणि सरपंचापासून एस.टी.च्या वेळापत्रकापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी काढतो. मग आख्यान. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच कैलास. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत नट बोलत राहतात, तेही संस्कृतप्रचुर मराठीत. यातले बरेचसे शेतकरी. शाळा जेमतेम झालेली.

ही भाषा येते कुठून? ती पोथीतून येते. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' १७०२ चा, 'रामविजय' १७०३ चा, 'पांडवप्रताप' १७१२ चा, 'शिवलीलामृत' १७१८ चं. श्रावणात ओटीवर या ओवीबद्ध पोथ्या लागत. दिवसा तरवो लावून आलेला माणूस रात्री भिंतीला टेकून ऐकत बसे. पावसाळ्यात कानात साठवायचं आणि हिवाळ्यात तोंडानं खर्च करायचं, असं ते वर्ष होतं. आमच्या मुलांना रोजचा विषय मिळतो, पण हा पावसाळा मिळत नाही. माझ्या मते वही कोरी राहते ती इथे.

आमच्या वाडीतले एक नाना कंपनीत पेटी वाजवत. नट बोलता बोलता कुठे पदाला लागेल हे तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "तो काय बोलता ता ऐकू नको, श्वास खय घेता ता बघ." नटांनाही समोरच्याकडे असंच लक्ष ठेवावं लागतं. शंकरानं आज अर्जुनाला नवाच प्रश्न टाकला, तर काल वेंगुर्ल्यात दिलेलं उत्तर कामाचं नाही. शिवाय काल वेंगुर्ल्यात बसलेले निम्मे लोक आज इथे चालत आलेले असतात. तेच वाक्य ऐकलं की ते कुजबुजतात. या धाकानं नट रोज नवं रचतो. स्फूर्तीची वाट बघायला त्याला सवड कुठे?

आणि विषय किती अरुंद! कीचक मरणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक. काय घडणार हे मिटलेलं असल्यामुळे नटाची सगळी ताकद कसं सांगायचं यात जाते. 'पाऊस' हा विषय मला म्हणूनच पटत नाही. तो फार मोठा आहे, त्यात मूल बुडतं. हल्ली मी सांगतो: कीचकाच्या दालनात जायला निघालेली सैरंध्री दाराशी थांबते, तेवढंच लिहा. वह्या भरतात.

घाटावरच्या रंगभूमीनं ही रीत लवकर सोडली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं रचलेली होती, पण पात्रांची भाषणं आयत्या वेळचीच असत. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं आणि छापील, 'बुकिश' नाटकांचा काळ सुरू झाला. युरोपात इटलीचे मुखवटेवाले नटही एकेकाळी पडद्यामागे कथेचा आराखडा टांगून ऐन वेळी बोलत. तिथेही पुढे लेखक आले. आमच्याकडे लेखक देवळाच्या पायरीपर्यंत पोचला नाही, हे माझ्या लेखी आमचं भाग्य.

त्याची किंमतही मोजली. इतक्या पिढ्यांनी रात्रीमागून रात्री जे रचलं, त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. आता मोबाईलवर प्रयोग टिपले जातात, तेव्हा उरेल. पण नवे नट तेच बघून भाषणं पाठ करू लागले आहेत. ट्रिकसीनचा धूर आणि दिवे यांच्याबद्दल मला तक्रार नाही, पाठांतराबद्दल आहे. पाठ केलेला अर्जुन समोरच्या शंकराचं ऐकत नाही.

येत्या कार्तिकात इकडे आलात तर नाटकाला वेळेवर येऊ नका, दोन तास आधी या. देवळाच्या मागच्या पडवीत पेटारे उघडलेले असतील आणि नट रंगत असतील. रंगत्या नटाला काही विचारू नका, बाजूला उभे राहा. त्या रात्रीचं नाटक तिथेच रचलं जात असतं.