कोरवंजी आणि कॉमन मॅन

विनोदाचा विचार करताना आपण मराठी मंडळी कोल्हटकरांच्या सुदाम्यापासून निघतो आणि चिमणराव, अत्रे यांच्या वाटेने पु. ल. देशपांडे यांच्यापाशी येऊन विसावतो. म्हैसुरात संसार थाटलेल्या आम्हां कुटुंबांना आणखी एक वाट ठाऊक असावयास हवी. ती याच गावातून मुंबईस गेली.

१९४२ साली डॉ. एम. शिवराम या वैद्यक व्यावसायिकाने बंगळूरला 'कोरवंजी' नावाचे कन्नड विनोदी मासिक काढले. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत हिंडणारी भटकी स्त्री. आपल्या पिंगळ्याची, कुडमुड्या जोशाची बहीणच म्हणा ना! हे नाव मराठीला परके नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटक आहे, आणि त्यात चक्क जगाचा भूगोल पदांतून सांगितला आहे. जिला स्वतःचे घर नाही तिने थोरामोठ्यांच्या वाड्यात शिरून त्यांचे भवितव्य सांगावे, ही कल्पनाच मोठी मार्मिक आहे. तिला कोणाकडून पद मिळवावयाचे नसते, म्हणून तिला बोलता येते. विनोदी मासिकास याहून समर्पक नाव शोधून सापडले नसते.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकलेला एक तरुण या मासिकासाठी चित्रे काढीत असे. तेच आर. के. लक्ष्मण. जन्म म्हैसूरचा, १९२१ चा. थोरले बंधू कादंबरीकार आर. के. नारायण. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला, हे प्रसिद्धच आहे. (म्हैसूरला त्यामुळे एक पदवीधर लाभला!) पुढे त्याच मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बाळ ठाकरे यांच्यासमवेत काम करून ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्थिरावले. तेथे १९५१ पासून त्यांची छोटी चौकट रोज प्रसिद्ध होऊ लागली, आणि धोतर व चौकड्यांचा कोट घातलेला, टकलाच्या कडेने केसांची झालर उरलेला 'कॉमन मॅन' घराघरांत पोहोचला. मंत्री आश्वासने देतात, अधिकारी खुलासे करतात. हा नुसता पाहत उभा असतो.

हे मौन पुरेसे होते काय? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण बसले आणि व्यंगचित्रांवरही कात्री फिरू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक बंद झाले. अशा वेळी मुका साक्षीदार अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. व्यासपीठावर उभे राहिले आणि सत्तेची थट्टा करणारी त्यांची भाषणे ऐकावयास माणसे लोटली. निकालानंतर कोणतेही पद न घेता ते पुन्हा लेखनाकडे वळले. कोरवंजीची जात ती हीच. तरीही लक्ष्मण यांच्या मौनास आम्ही कमी लेखणार नाही. भाषण निवडणुकीपुरते असते. हा कोटवाला गृहस्थ मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ, सरकार कोणाचेही असो, सकाळी चहाबरोबर हजर राहिला.

लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आहे, मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारीही आहे. तो तेथेही गप्पच आहे. त्याची पत्नी मात्र त्या चित्रांतून चांगली सडेतोड बोलत असे. म्हैसूरहून निघताना लक्ष्मण यांनी कोरवंजीला बरोबर नेले असावे, अशी शंका आम्हांस तिच्याकडे पाहून येते.