शांत : एका शब्दाचा प्रवास

मराठी माणसाच्या तोंडी ‘शांत’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो याची मोजदाद करणे कठीण आहे. तान्हे मूल शांत झोपते, भूक शांत होते, नव्या घराची वास्तुशांत होते, साठाव्या वर्षी साठीशांत होते आणि घरातील वृद्ध व्यक्तीने देह ठेवला की ‘पहाटे शांत झाले’ असे सांगितले जाते. इतक्या निरनिराळ्या प्रसंगी चालणारा हा शब्द कोठून आला व जैन परंपरेने त्यात कोणता अर्थ भरला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘शम्’ या संस्कृत धातूपासून शम, शांत, शांती, उपशम व प्रशम ही सर्व रूपे सिद्ध झाली. या धातूचा एक जुना उपयोग आज वाचताना अंगावर काटा आणतो. वैदिक यज्ञपरिभाषेत बलिपशूस गतप्राण करणाऱ्या माणसाला ‘शमिता’ म्हणत. पशू शांत केला, म्हणजे मारला. दुसऱ्यास कायमचे गप्प करणे हेही तेव्हा ‘शमविणे’च होते. श्रमण परंपरेने याच धातूचे शब्द घेतले, मात्र त्यांची दिशा बदलली. शमवायचे ते पशूला नव्हे, तर स्वतःच्या क्रोध, मान, माया व लोभ या चार कषायांना.

हा बदल उत्तराध्ययन सूत्राच्या पंचविसाव्या अध्ययनात प्रत्यक्ष दिसतो. विशेष म्हणजे त्यातील प्रसंग यज्ञमंडपातलाच आहे. जन्माने ब्राह्मण असलेले जयघोष मुनी मासखमणाच्या पारण्यासाठी वाराणसीत विजयघोषाच्या यज्ञस्थळी भिक्षेस जातात. यजमान भिक्षा साफ नाकारतो. महिनाभर उपाशी असलेला साधू दारातून परतविला जात आहे. अशा वेळी सूत्रकार एवढेच नोंदवितात की मुनी रुष्टही झाले नाहीत आणि तुष्टही झाले नाहीत. यातले ‘तुष्टही नाहीत’ हे शब्द फार मोलाचे आहेत. अपमान गिळून मनातल्या मनात स्वतःच्या सहनशीलतेवर खूष होणारे लोक पुष्कळ असतात. जयघोष तसे नव्हते. त्यांनी यजमानास यज्ञाचा खरा अर्थ समजावून सांगितला. केवळ मुंडन केल्याने कोणी श्रमण होत नाही, समतेने होतो, हे सुप्रसिद्ध प्रतिपादन याच संवादातले आहे. अखेर विजयघोषाने दीक्षा घेतली.

प्राकृतात श, ष व स या तिहींचा बहुधा ‘स’ होतो व जोडाक्षरातला ‘र’ गळतो. त्यामुळे ‘समण’ या एका शब्दात श्रम करणारा श्रमण, कषाय शमविणारा शमन आणि समभाव राखणारा समन असे तीन अर्थ टीकाकारांना सापडले. ‘सामायिक’ शब्दाची फोडही अशीच आहे. सम अधिक आय, म्हणजे समभावाची प्राप्ती. दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे, बैठक मारून जे जमेस धरायचे ते हे. सातबाराच्या उताऱ्यावर किंवा बँकेच्या खात्यात ‘सामायिक’ म्हणजे भागीदारीतले. आध्यात्मिक सामायिकात मात्र भागीदार चालत नाही. ज्याचे त्याने करावयाचे असते.

साहित्यशास्त्राच्या इतिहासातही जैन आगमांचे एक योगदान आहे, ज्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मूळ रस आठ. शांत हा नववा रस नंतर मान्य झाला व त्यावर अलंकारशास्त्रात बराच खल झाला. अनुयोगद्वार सूत्रात मात्र नऊ काव्यरसांची स्वतंत्र यादी मिळते आणि तीत ‘प्रशांत’ हा रस स्पष्टपणे गणलेला आहे. त्या यादीत भयानक रस नाही. त्याच्या जागी ‘व्रीडनक’, म्हणजे लज्जेचा रस आहे. भयाला वगळून लज्जेला व प्रशांताला स्थान देणारी ही यादी करणाऱ्यांची दृष्टी सहज लक्षात येते.

कषाय शमला म्हणजे नेमके काय झाले, याचे सर्वांत सुबोध उत्तर तत्त्वार्थसूत्रावरील पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत आहे. गढूळ पाण्यात कतक, म्हणजे निवळीचे बी, टाकले की गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी स्वच्छ दिसते. हा उपशम. तेच पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतले की गाळाचा संबंधच उरत नाही. हा क्षय. पहिल्या भांड्याला धक्का लागला तर पाणी पुन्हा गढूळ होते. म्हणूनच उपशांतमोह या अकराव्या गुणस्थानी पोहोचलेला जीवही खाली येतो व क्षीणमोह या बाराव्या गुणस्थानी पोहोचलेला येत नाही. इतक्या उंचीवर पोहोचलेल्याच्या तळाशीही गाळ असू शकतो, हे सांगण्यास शास्त्रकार कचरले नाहीत.

ही निवळी मराठीत घरोघरी नांदते. आभाळ निवळते, ताप आलेल्याचा चेहरा निवळतो, भांडण निवळते. ‘निवळ’ हे ‘निर्मळ’चेच रूप. ‘निवांत’चे नाते ‘निवात’शी, म्हणजे वारा नसलेल्या जागेशी आहे. आणि ‘निवणे’ हे क्रियापद तर ‘निर्वाण’ शब्दाच्या मूळ धातूपर्यंत जाते. निर्वाण म्हणजे विझणे, थंड होणे. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा शब्द आणि ‘भात जरा निवू दे, मग मुलाला भरव’ असे म्हणणाऱ्या आजीचा शब्द एकाच कुळातले आहेत.

अलीकडे मात्र ‘शांत’चा अर्थ आक्रसत चालला आहे. वर्गात ‘शांत बसा’ म्हणजे बोलू नका. विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या नावातील शांतताही गप्प राहण्याचीच आहे. आवाज थांबला म्हणजे शांतता झाली, असा समज रूढ झाला आहे.

तो समज किती अपुरा आहे हे जैन समाजाने स्वतःच्या तीर्थावर अनुभवले. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराच्या पूजा व व्यवस्थेच्या हक्कावरून दिगंबर व श्वेतांबर यांच्यातील वाद इंग्रजी अमदानीत, १९२९ साली, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पुढे १९८१ पासून मंदिरास कुलूप लागले. ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात उघडले. बेचाळीस वर्षे गाभाऱ्यात कलह नव्हता, कारण पूजाच नव्हती. कुलूप निघाल्यावर काही दिवसांतच दोन्ही बाजूंत पुन्हा संघर्ष झाल्याच्या बातम्या आल्या. चूक कोणाची, हा न्यायालयाचा विषय आहे. पूज्यपादांचे तळाशी गाळ असलेले भांडे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही आम्नायांचे पंचांग मात्र या बाबतीत विलक्षण आहे. मूर्तिपूजक श्वेतांबरांचे पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थीस संवत्सरी प्रतिक्रमणाने पूर्ण होते व घरोघर ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले जाते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व दुसऱ्या दिवशी, पंचमीस सुरू होते आणि त्याचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो.