एका कारकुनाचे खेळणे

बडोद्यातील आम्हा मराठी कुटुंबांचा इतिहास बहुधा दौत-लेखणीपासून सुरू होतो. कोणाचे पणजोबा हुजूर कचेरीत कारकून, कोणाचे हिशेबखात्यात, कोणाचे शाळेत मास्तर. अक्षर वळणदार, हिशेब चोख आणि हाताला शाईखेरीज दुसरा डाग नाही, ही आमच्या घरांची प्रतिष्ठा. मुलाने बंद पडलेले घड्याळ उघडायला घेतले की "ठेव ते, मोडून ठेवशील" असे कोणीतरी म्हणायचेच. घड्याळ आधीच मोडलेले असे, ही गोष्ट वेगळी!

म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका कारकुनाचीच हकिकत सांगणार आहोत. हा कारकून आपल्याकडचा नव्हे, इंग्लंडातील लिव्हरपूल बंदराचा. त्याने आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्यांतून जे खेळणे जन्माला आले, ते मेकॅनो. भोकाभोकांच्या पट्ट्या, पितळी दातेरी चाके, नट-बोल्ट आणि एक छोटा पाना. आमच्यातील एखाद्या घराच्या माळ्यावर त्याची गंजलेली पेटी अजून सापडेल. पुढच्या पिढीने 'मेकॅनिक्स' या नावाचा त्याच जातीचा भारतीय संच हाताळला असेल.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलला झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या धंद्यात रोखपाल म्हणून बसले. १८९९ मध्ये वडील वारले, धंदा बंद झाला, आणि हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस झाले. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेले नव्हते. दिवसभर खतावणी लिहायची आणि घरी आल्यावर रोलंड आणि डग्लस या मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या, माल उचलणाऱ्या याऱ्या करायच्या, असा त्यांचा क्रम होता.

या उद्योगात एक अडचण होती. पुलासाठी कापलेला तुकडा फक्त पुलाच्याच कामाचा. मुलांना पुलाचा कंटाळा आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून कापायचे. यावर हॉर्नबी यांना जे सुचले ते ऐकायला अगदी साधे आहे. सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद ठेवायच्या, सगळ्यांना एकाच मापाची भोके पाडायची आणि दोन भोकांमधले अंतर सगळीकडे अर्धा इंच राखायचे. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येते. शिवाय ज्या भोकातून बोल्ट जातो, त्याच भोकातून चाकाचा दांडाही जातो आणि त्यात फिरतो. भोक म्हणजे जोडही आणि दांड्याचा आधारही. आजचा पूल उद्या सोडवला की परवा त्याच पट्ट्यांची यारी होते.

आम्हाला वाटते, ही युक्ती कारकुनालाच सुचावी अशी आहे. कसबी लोहार प्रत्येक वस्तूसाठी वेगळा तुकडा घडवील, आणि तो सुरेखही असेल. पण सगळीकडे एकच माप धरायचे, म्हणजे कुठलीही बाजू कुठल्याही बाजूशी जुळेल, ही जमाखर्च लिहिणाऱ्याची दृष्टी आहे.

जानेवारी १९०१ मध्ये हॉर्नबी यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्यांच्याजवळ नव्हते, ते मालकाकडून उसने घेतले. पेटंटचे शीर्षक होते, मुलांसाठी व तरुणांसाठी खेळण्यांमधील किंवा शैक्षणिक साधनांमधील सुधारणा. शिक्षणाचा उद्देश असा पहिल्याच कागदावर नोंदलेला आहे. मालक एलियट पुढे भागीदार झाले आणि त्यांनी आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागा कामासाठी दिली. लिव्हरपूलचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेल-शॉ यांनी खेळण्याची शिफारस केली. १९०२ मध्ये 'मेकॅनिक्स मेड ईझी', म्हणजे 'सुलभ यंत्रशास्त्र', या नावाने साडेसात शिलिंगांची पेटी विक्रीला आली. १९०३ मध्ये दीड हजार पेट्या खपल्या, पण नफा झाला नाही. थोडासा नफा दिसायला १९०६ साल उजाडावे लागले. १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवले गेले, हॉर्नबी यांनी नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी मेकॅनो लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

आता या पेटीतून मूल काय शिकत असे ते पाहू.

चार पट्ट्या घेऊन चार कोपऱ्यांना एकेक बोल्ट लावला की चौकोन होतो, पण तो उभा राहत नाही. बोट लावले की तिरका होऊन मिटतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र दाबून हलत नाही. पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यांत त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, ते मुलाच्या बोटांना कोणी न सांगता कळते. मग ते चौकोनाला तिरकी पट्टी लावू पाहते आणि तिथे दुसरा धडा सुरू होतो. चार, पाच आणि सहा भोकांच्या पट्ट्या घेतल्या तर भोकांमधली अंतरे तीन, चार आणि पाच होतात, आणि कोपरा नेमका काटकोनात बसतो. पाया आखताना गवंडी दोरीने तीन-चार-पाचचे माप धरतो, तेच हे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. पण चारही बाजू सारख्या घेतल्या तर तिरकी पट्टी कधीच भोकावर तंतोतंत बसत नाही, पट्टी कितीही लांब घ्या. भोक जरा सैल असते म्हणून ओढून ताणून बोल्ट जातो, एवढेच. दोनाच्या वर्गमुळाची भेट मुलाला अशी वर्गात होण्याआधीच होते.

तीच गोष्ट चाकांची. पेटीत एकोणीस दात्यांचे छोटे चाक असे आणि सत्तावन्न दात्यांचे मोठे. दोन भोकांच्या, म्हणजे एक इंचाच्या, अंतरावर दोघांचे दांडे ठेवले की दाते बरोबर अडकतात. छोटे चाक तीनदा फिरले की मोठे एकदा. यारी हळू चालते, पण जो बत्ता आधी जागचा हलत नव्हता तो उचलला जातो. वेग सोडला की जोर मिळतो, हे मूल हँडल फिरवत असताना मनगटाने शिकते.

मुले पुढे या धड्यांचे काय करतात याची दोन उदाहरणे देतो. १९३३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील प्राध्यापक डग्लस हार्ट्री अमेरिकेत व्हॅनेवार बुश यांचे गणिती यंत्र पाहून आले. फिरणारे दांडे आणि चाके यांच्या साहाय्याने ते अवघड समीकरणे सोडवत असे. परत आल्यावर, १९३४ मध्ये, हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी त्याचे प्रारूप उभे केले, तेही बहुतांशी मेकॅनोच्या भागांतून. खर्च सुमारे वीस पौंड. हे शोभेचे प्रारूप ठरले नाही. त्यावर अणूंच्या रचनेची खरी गणिते सोडवली गेली. केंब्रिजनेही मग तसेच यंत्र करून घेतले. दुसरे उदाहरण हॅरी क्रोटो यांचे. कार्बनच्या साठ अणूंचा चेंडूसारखा रेणू शोधल्याबद्दल १९९६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. आपल्या घडणीचे मोठे श्रेय त्यांनी मेकॅनोला दिले. नट किती आवळला म्हणजे तो सुटणार नाही आणि आटेही जाणार नाहीत, हा हाताचा अंदाज इतर खेळण्यांतून येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पण ही सगळी कौतुकाचीच कथा नाही.

पहिली गोष्ट, हे खेळणे महाग होते. पेट्या क्रमांकवार मिळत. १९३७ पासून शून्य ते दहा असे क्रमांक होते आणि मधली जोडपेटी घेतली की चौथ्या क्रमांकाचा पाचवा होई. पाकिटातले पैसे पुरवून पुरवून वर चढायची ही शिडी होती, आणि दहावी पायरी इंग्लंडातही थोड्याच घरांनी पाहिली. आमच्याकडे तर ही परदेशी वस्तू. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली तेव्हा ती आणखी दुर्मीळ झाली. ज्यांच्याकडे असे ते ती कुलपात ठेवत आणि पाहुण्यांच्या मुलांना दुरून दाखवत. धातूचे शिक्षण कपाटात आणि मुले बाहेर!

दुसरी गोष्ट मुलींची. मेकॅनोच्या जाहिराती उघडपणे 'मुलग्यांसाठी अभियांत्रिकी' असे म्हणत. आमच्या घरांत तसे छापावे लागले नाही. पेटी भावाची, आणि बहिणीने खाटेखाली गेलेला नट शोधून द्यायचा, हे ठरलेलेच होते. त्यामुळे जे शिक्षण वाया गेले, त्याचा हिशेब कोणत्याही खतावणीत नाही.

हॉर्नबी १९३१ मध्ये पार्लमेंटात निवडून गेले आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी वारले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना, जिथून मेकॅनोबरोबर हॉर्नबी आगगाड्या आणि डिंकी मोटारीही जगभर गेल्या, तो नोव्हेंबर १९७९ मध्ये बंद पडला. नाव टिकले, मालक बदलत गेले. तोवर प्लास्टिकच्या, चटकन जुळणाऱ्या विटांचे दिवस आले होते.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्या गावाला मात्र परका नव्हता. हॉर्नबी यांनी पट्ट्या कापण्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती येथे कलाभवन सुरू केले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण प्रतिष्ठेने द्यायचे आणि तेही लोकांच्या भाषेत, ही त्यामागची दृष्टी होती. दादासाहेब फाळके येथे शिकले. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशाखा त्याच कलाभवनातून वाढली. राजाने वाट काढून दिली होती. आम्ही कारकुनांच्या घरांनी त्या वाटेने मुले पाठवलीही, पण घरातल्या टेबलावर पाना आणि स्क्रूड्रायव्हर मात्र येऊ दिला नाही. अभियंता व्हायचे ते पुस्तकातून, हे आमच्या मनातून गेले नाही.

महागाईच्या प्रश्नाला एक उत्तर आपल्या शेजारीच मिळाले. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद गुप्ता पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञानशिक्षणाच्या कामाला गेले. खेड्यातल्या शाळेत मेकॅनो कुठून आणणार? त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली, तिचे छोटे तुकडे केले आणि दोन्ही बाजूंनी आगकाड्या खोचल्या. तुकडा झाला सांधा, काडी झाली पट्टी. तुकड्यातून तुकडा ओवला की तीन, चार काड्यांचे सांधे होतात. चौकोन मिटतो, त्रिकोण ताठ उभा राहतो, सगळे धडे तेच. याला 'काड्यांचा मेकॅनो' म्हणू लागले. पुढे गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे अशीच टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हॉर्नबी यांच्या पेटीतून लोखंड वजा केले तरी मूळ कल्पना शिल्लक राहते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता थोडे आपल्या उत्सवाबद्दल. आपल्याकडे मुलांसाठी चित्रकला, श्लोकपाठांतर, वेशभूषा अशा स्पर्धा होतात आणि त्या व्हाव्यातच. पण हलता देखावा उभारताना मोटर, पट्टा आणि चाके जोडण्याचे काम मोठी माणसे मांडवामागे उरकतात आणि मुले पुढून टाळ्या वाजवतात. उंदीर मान का हलवतो, हे मुलांना मांडवामागे नेऊन एकदा दाखवायला हरकत नाही. त्यात मजाच जास्त आहे.

आमची सूचना एवढीच, की उत्सवातील एका दुपारी सभागृहात एक लांब टेबल मांडावे. ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी असेल त्यांनी ती खाली काढावी. नट गंजले असतील तर रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावेत, सुटतात. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी आगपेटी आणि हातभर व्हॉल्व्हची नळी आणावी. मुलींना पहिली जागा द्यावी. आजोबांनी बाजूला खुर्ची टाकून जरूर बसावे, मात्र यारी वाकडी झाली तरी हात लावू नये. आणि कोणी घरातले बंद पडलेले घड्याळ घेऊन आलेच, तर त्याला ते उघडू द्यावे.