शाळेचा उंबरठा आणि मायबोली



ज्युबिलीच्या या मंगल समयीं आपल्या मंदिराच्या भिंतींचा, वेदीचा व घंटेचा इतिहास सांगितला जाईल, व तें योग्यच आहे. परंतु मंदिराशेजारीं जी शाळा उभी आहे, तिच्या उंबरठ्यालाहि इतिहास आहे. दर जून महिन्यांत तेथें एक मूल आईचा पदर घट्ट धरून रडत उभें असतें. हातांत नवी पाटी, अंगावर नवा गणवेश, आणि समोर अनोळखी बाई. त्या मुलाशीं पहिला शब्द कोणत्या भाषेंत बोलला जातो, हा प्रश्न लहान वाटला तरी चारशें वर्षांहून जुना आहे.

वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेली. पुढें फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनीं येथें मंदिरांबरोबर विद्यालयेंहि काढिलीं. सुमारें १५५७ सालीं वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे येशूसंघीयांच्याच शाळेंत शिकले. तेथून ते जपानला गेले, तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली, आणि फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाल्यावर दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत उतरले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांना क्रुसावर चढवून मारण्यांत आलें. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. परक्यांची भाषा शिकून त्यांच्या हृदयापर्यंत पोहोंचावें, हा धडा वसईच्या या विद्यार्थ्यानें आपल्या जीवितानें गिरविला.

तोच धडा उलट दिशेनें गिरविला इंग्लंडांत जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. ते १५७९ सालीं गोव्यांत आले, इथल्या लोकांची वाणी शिकले, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें क्रिस्तपुराण छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्या, अक्षरें रोमन, पण भाषा मराठी! नव्या ख्रिस्तजनांना त्यांच्या परिचयाच्या छंदांत तारणाची कथा ऐकावयास मिळाली.

परंतु सर्वांची दृष्टि अशी उदार नव्हती. १६८४ सालीं गोव्याच्या विजरईनें हुकूम काढिला कीं, तीन वर्षांच्या आंत स्थानिक लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें, आणि धर्मगुरूंनीं व शिक्षकांनीं त्याच भाषेंत शिकवावें. हुकूम कागदावर राहिला. कोंकणी घराघरांत जगली, आणि १९८७ सालीं गोव्याची राजभाषा झाली. इकडे १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली. युरोपीय मिशनरी निघून गेले. देशी धर्मगुरू व भाविक मात्र राहिले. राजसत्तेचा आधार गेल्यावरहि श्रद्धा टिकली, कारण ती स्वयंपाकघरांत व शेतावर आपल्याच बोलींत रुजली होती, असें आम्हांस वाटतें.

आमचा स्वतःचा पहिला दिवस आम्हांस आठवतो. घरांत सामवेदी बोली, शाळेंत पुस्तकी मराठी. बाईंनीं कांहीं विचारलें; आम्हीं बोलींत उत्तर दिलें, आणि मागच्या बांकावरून हंसूं आलें. दुपारपर्यंत आम्हीं तोंड उघडलें नाहीं. मग बाई जवळ येऊन बसल्या आणि आमच्याच बोलींत हळूच विचारलें, "सकाळीं काय खाऊन आलास?" रडणें थांबलें. आज आम्ही वेदीवरून चार शब्द बोलतों, त्यांचें मूळ त्या एका प्रश्नांत आहे.

हें सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, याची शंका वाटते. पूर्वीं एका ठिकाणीं सेवेंत असतां इंग्रजी वर्गासाठीं मराठी वर्गाची खोली आम्हींच आपल्या सहीनें रिकामी करून दिली. पालकांची मागणी होती, पटसंख्या घटली होती. कारणें खरींच होतीं. तरी तीं बांकें उचलून नेलीं त्या दिवशीं वृद्ध शिपायानें आमच्याकडे पाहिलें, ती नजर आम्ही विसरलों नाहीं.

इंग्रजीस आमचा विरोध नाहीं. संत गोन्सालोंनीं परभाषा शिकली म्हणूनच ते उपयोगी पडले. परंतु मूळ घट्ट असेल तरच फांदी दूरवर जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंत शिकवावें, असेंच म्हटलें आहे.

म्हणून ज्युबिलीनिमित्त एक लहान विनंति. माध्यम कोणतेंहि असो, येत्या जूनमध्यें पहिल्या दिवशीं प्रत्येक बालकाशीं पहिला शब्द त्याच्या घरच्या बोलींत बोलला जावा, आणि त्या सकाळीं गांवांतील आज्यांना वर्गांत गोष्ट सांगावयास बोलवावें. खर्च कांहीं नाहीं. ज्या प्रभूनें बालकांना जवळ घेतलें, तो आपल्या शाळेच्या उंबरठ्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलाचे अश्रु पुसो, व आम्हां मोठ्यांना त्याची बोली समजण्याची बुद्धि देवो.